क्लिक येतात, बजेट संपतं, चौकशी मात्र येत नाही: सर्च जाहिरातीतली गळती कशी शोधायची

लक्षणं साधारण अशी असतात. वेबसाइटसाठी पे-पर-क्लिक, म्हणजे प्रत्येक क्लिकमागे पैसे मोजायची, सर्च जाहिरात सुरू केली. पहिल्याच दिवशी क्लिक दिसायला लागले, रोजचं बजेट दुपार व्हायच्या आत संपायला लागलं, पण फॉर्म कुणी भरत नाही आणि फोनही येत नाही. बोली, म्हणजे एका क्लिकसाठी द्यायची कमाल रक्कम, कमी केली तर क्लिक थांबतात, वाढवली तर पैसे आणखी लवकर संपतात. कॅम्पेन आठवडाभर बंद ठेवून पुन्हा सुरू केलं तरी तेच.

बोलीचा आकडा डोळ्यांसमोर असतो म्हणून बहुतेक जण तिथूनच दुरुस्ती सुरू करतात. हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होतं. गळती बोलीत क्वचितच असते. ती मोजणीत असते, लोकांनी टाकलेल्या शोधशब्दांत असते, सेटिंगमध्ये असते किंवा पानावर असते, आणि तपासणी याच क्रमाने करावी. मोजणी बिघडलेली असेल तर पुढचे सगळे निष्कर्ष खोटे निघतात. शोधशब्द चुकीचे असतील तर पान कितीही चांगलं करून उपयोग नाही.

खालची नावं गूगल अ‍ॅड्सच्या पडद्यावर दिसतात तशी घेतली आहेत. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅडव्हर्टायझिंगमध्येही मांडणी बरीचशी अशीच आहे.

चौकशी खरंच येत नाही, की मोजली जात नाही?

अहवालात कन्व्हर्जन (क्लिकनंतर झालेली, मोजायची ठरवलेली कृती, इथे चौकशी) शून्य दिसणं आणि प्रत्यक्षात चौकशी शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी इनबॉक्स, स्पॅमचा फोल्डर आणि फॉर्मच्या नोंदी साठवणारी जागा तपासा. फॉर्म नीट भरला जातो, पण त्याचा मेल स्पॅममध्ये जाऊन पडतो, हे फार वेळा घडतं. मग मोबाइलवरून, वायफाय बंद करून, स्वतः एकदा फॉर्म भरा. डेस्कटॉपवर चालणारा फॉर्म मोबाइलवर कीबोर्ड उघडल्यावर ‘पाठवा’ बटण झाकून टाकतो, हाही नेहमीचा दोष.

आता टॅग, म्हणजे मोजणीसाठी पानात बसवलेला कोडचा तुकडा. गूगल अ‍ॅड्समध्ये ऑटो-टॅगिंग चालू असेल तर जाहिरातीवरून येणाऱ्या पत्त्याच्या शेवटी जीसीएलआयडी नावाचा पॅरामीटर लागतो. चौकशी कोणत्या क्लिकमुळे आली हे त्यावरून जुळवलं जातं. काही साइटवर पत्ता दुसरीकडे वळताना, म्हणजे सुरक्षित नसलेल्या पत्त्यावरून सुरक्षित पत्त्यावर किंवा तीन डब्ल्यू असलेल्यावरून नसलेल्यावर जाताना, हा पॅरामीटर गळून पडतो. तपासण्यासाठी स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करायची गरज नाही आणि करूही नये. ब्राउझरमध्ये जाहिरातीचा फायनल यूआरएल (क्लिक केल्यावर उघडणारा पत्ता) टाका, पुढे प्रश्नचिन्ह, मग रोमन छोट्या अक्षरांत जीसीएलआयडी, बरोबरचं चिन्ह आणि एखादा मनाला येईल तो शब्द. पान पूर्ण उघडल्यावर अ‍ॅड्रेस बारमध्ये तो शब्द तसाच दिसला पाहिजे. गायब झाला असेल तर साइट सांभाळणाऱ्याला रीडायरेक्टच्या नियमात क्वेरी स्ट्रिंग, म्हणजे पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग, राखून ठेवायला सांगा, आणि जाहिरातीतला पत्ता वळण न घेता थेट उघडणारा ठेवा. दुसरी गोष्ट जास्त सोपी आहे आणि ती लगेच करता येते.

पॅरामीटर टिकतो, तरी मोजणी होत नाही? मग फॉर्म कसा बनला आहे ते पाहा. कन्व्हर्जनचा टॅग ‘धन्यवाद’च्या पानावर बसवलेला असतो, आणि फॉर्म मात्र पान न बदलता तिथल्या तिथे ‘संदेश मिळाला’ असं दाखवतो. मग ते पान कधी उघडतच नाही आणि टॅग कधी चालत नाही. दुसरा प्रकार म्हणजे बाहेरच्या सेवेचा फॉर्म आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या वेगळ्या चौकटीत, बसवलेला. आत काय झालं ते बाहेरच्या पानावरच्या टॅगला कळत नाही. पहिल्या बाबतीत फॉर्म यशस्वीपणे गेल्याच्या घटनेवर टॅग लावा. दुसऱ्या बाबतीत फॉर्म भरल्यावर स्वतःच्या साइटवरच्या धन्यवाद पानाकडे वळवण्याची सोय त्या सेवेत आहे का ते बघा. टॅग असिस्टंट हे गूगलचं तपासणीचं साधन उघडून फॉर्म भरला की टॅग कोणत्या क्षणी चालतो, किंवा चालतच नाही, ते डोळ्यांनी दिसतं. कुकीची परवानगी मागणारी पट्टी असेल तर परवानगी देऊन आणि नाकारून, दोन्ही प्रकारे तपासा.

उलटा बिघाड जास्त फसवा असतो. अहवालात कन्व्हर्जन भरपूर आणि प्रत्यक्षात माणूस एकही नाही. याचं कारण बहुधा ‘गोल्स’मध्ये सापडतं. ‘पान पाहिलं’ किंवा ‘संपर्क बटण दाबलं’ अशी क्रिया ‘प्रायमरी’ म्हणून नोंदलेली असते. स्वयंचलित बोली मग तेवढंच करणारे लोक शोधून आणते. बोलीची यंत्रणा आपलं काम बरोबर करत असते, तिला लक्ष्य चुकीचं दिलेलं असतं. खरी चौकशी तेवढी ‘प्रायमरी’ ठेवा, बाकी सगळ्या क्रिया ‘सेकंडरी’ करा. चौकशीसाठी मोजणी ‘एव्हरी’ऐवजी ‘वन’ अशी ठेवा, नाहीतर धन्यवाद पान पुन्हा लोड करणारा एकच माणूस तीनदा मोजला जातो.

अजून एक बारकावा. मुख्य अहवालात कन्व्हर्जन ज्या दिवशी झालं त्या दिवसावर नाही, ज्या दिवशी क्लिक झाला त्या दिवसावर नोंदलं जातं. क्लिकनंतर किती दिवसांपर्यंतचं कन्व्हर्जन मोजायचं, ती मुदत न बदलल्यास ३० दिवसांची असते. सोमवारी क्लिक करून शुक्रवारी फॉर्म भरणारा माणूस सोमवारच्या खात्यात जमा होतो. त्यामुळे गेले तीन-चार दिवस नेहमीच खरे असतात त्याहून वाईट दिसतात. तेवढ्यावरून घाबरून कॅम्पेन बदलू नये.

लोकांनी नेमकं काय शोधलं होतं?

सर्वांत मोठी गळती बहुतेक वेळा इथेच असते, म्हणून इथे वेळ काढा. तुम्ही खात्यात टाकता तो कीवर्ड, आणि माणसाने शोधपेटीत टाइप केलेला तो शोधशब्द. पैसे जातात ते शोधशब्दावर आलेल्या क्लिकचे. कीवर्डची यादी बघून सगळं ठीक वाटतं, ‘सर्च टर्म्स’चा अहवाल उघडल्यावर खरं चित्र दिसतं.

उदाहरणार्थ, साइट हिशेबाचं सॉफ्टवेअर विकते आणि कीवर्ड आहे ‘हिशेबाचं सॉफ्टवेअर’. कोणतीही खूण न लावता लिहिलेला कीवर्ड ब्रॉड मॅच धरला जातो, म्हणजे त्याच्याशी संबंधित वाटणाऱ्या शोधांवरही जाहिरात दिसते. मग अहवालात दिसतं: हिशेबाचं सॉफ्टवेअर मोफत, हिशेब शिकण्याचा कोर्स, हिशेबनीस नोकरी, एक्सेलमध्ये हिशेब कसा ठेवायचा. हे सगळे खऱ्या माणसांचे खरे क्लिक आहेत. त्यांतला एकही विकत घ्यायला आलेला नाही.

दुरुस्ती अशी करा:

१. अहवालाचा काळ किमान १४ दिवसांचा घ्या आणि खर्चाप्रमाणे उतरता क्रम लावा. क्लिकच्या संख्येप्रमाणे लावू नका, कारण तुमचा प्रश्न पैशांचा आहे.

२. वरून खाली येत प्रत्येक शोधशब्दाला एकच प्रश्न विचारा: हे टाइप करणारा माणूस आत्ता विकत घेण्याच्या किंवा विचारपूस करण्याच्या बेतात आहे का? ‘कदाचित’ असं उत्तर आलं तर गळती शोधण्याच्या या चाचणीच्या काळात ते ‘नाही’ धरा.

३. ‘नाही’मधले वारंवार येणारे शब्द निगेटिव्ह कीवर्डच्या, म्हणजे ज्यांच्यावर जाहिरात दाखवायची नाही अशा शब्दांच्या, यादीत टाका. पूर्ण वाक्य टाकत बसू नका. ‘कोर्स’, ‘नोकरी’, ‘मोफत’, ‘म्हणजे काय’ असे मुळातले तुकडे टाका.

४. उरलेल्या कीवर्डना फ्रेज मॅच (कीवर्डचा अर्थ ज्यात आहे तेवढेच शोध) करा, म्हणजे दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा. ज्या शोधशब्दांवर चौकशी आली आहे ते चौकोनी कंसात, म्हणजे एक्झॅक्ट मॅचमध्ये, वेगळे घ्या.

निगेटिव्ह कीवर्डबद्दल एक गैरसमज महागात पडतो. साधा कीवर्ड समानार्थी शब्द आणि जवळचे अर्थ पकडतो, निगेटिव्ह कीवर्ड पकडत नाही. ‘मोफत’ अडवलं म्हणून ‘फुकट’ अडत नाही, आणि ‘फ्री’ तर नाहीच. ‘नोकरी’ टाकलं तरी ‘नोकऱ्या’ वेगळं टाकावं लागतं. शिवाय लोक एकच शब्द देवनागरीत लिहितात, रोमन लिपीत लिहितात आणि इंग्रजी प्रतिशब्दही वापरतात. हे सगळे अवतार यादीत हवेत. उलट बाजूने, एकच शब्द निगेटिव्ह ब्रॉडमध्ये टाकताना तो आपल्या चांगल्या शोधशब्दांत तर येत नाही ना, ते पाहून घ्या. ‘फी’ हा शब्द अडवला आणि साइट शाळांसाठी फीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर विकत असेल, तर आपणच आपलं दार लावून घेतलं.

एक्झॅक्ट मॅच म्हणजे अक्षरशः तेच शब्द, असंही आता राहिलेलं नाही. त्याच अर्थाचे शोधही त्यात येतात. म्हणून एक्झॅक्ट ठेवलं की अहवाल बघायची गरज नाही, असं समजू नका. अहवालात सगळे शोधशब्द दिसतही नाहीत. २०२० सालापासून गूगल फार थोड्या लोकांनी टाकलेले शोध त्यात दाखवत नाही, म्हणून दिसणाऱ्या ओळींची बेरीज एकूण खर्चापेक्षा कमी भरते. हा न दिसणारा भाग ब्रॉड मॅचमध्ये मोठा असेल तर तो कमी करण्याचा सरळ उपाय कीवर्ड आवळणं हाच आहे. जे दिसतच नाही ते निगेटिव्ह यादीने अडवणार कसं?

न मागता चालू असलेली सेटिंग

यातल्या बहुतेक गोष्टी खातं उघडताना भराभर पुढे-पुढे दाबल्यामुळे चालू राहतात.

नवीन खात्यात पहिलं कॅम्पेन ‘स्मार्ट’ प्रकारचं बनलं असेल तर वर सांगितलेलं बरंचसं नियंत्रण तिथे नसतंच. एक्सपर्ट मोडमध्ये जाऊन साधं सर्च कॅम्पेन नव्याने बनवा. जुनं दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

सर्च कॅम्पेनच्या ‘नेटवर्क्स’मध्ये सर्च पार्टनर्स (गूगलच्या शोधजाहिराती दाखवणाऱ्या इतर साइट) आणि डिस्प्ले नेटवर्क अशा दोन खुणा असतात. चाचणीत दोन्ही काढा. डिस्प्ले चालू असेल तर जाहिरात इतर साइट आणि अ‍ॅपमध्ये, कुणी काहीही शोधत नसताना दिसते. स्वस्त आणि भरपूर क्लिक येतात, त्यांतले कित्येक चुकून बोट लागलेले. अ‍ॅड्समध्ये १०० क्लिक आणि अ‍ॅनालिटिक्समध्ये ३०-४० भेटी असा फरक दिसला, तर पहिला संशय यावर घ्या आणि दुसरा पान उघडायला लागणाऱ्या वेळावर.

‘लोकेशन’च्या पर्यायांत न बदलता राहिलेली निवड अशी असते: त्या भागात असलेले, नेहमी येणारे, किंवा त्या भागात रस दाखवणारे. शेवटच्या तुकड्यामुळे हजारो किलोमीटरवरचा माणूसही जाहिरात पाहतो. सेवा ठरावीक भागापुरती असेल तर ‘प्रेझेन्स’ हा पर्याय निवडा. मग ‘लोकेशन्स’च्या अहवालात क्लिक प्रत्यक्ष कुठून आले ते पाहून नको ते भाग वगळा.

‘ऑटो-अप्लाय’खालच्या, म्हणजे गूगल आपोआप लागू करतं त्या, शिफारशी बंद करा. त्या चालू असल्या तर तुम्ही आवळलेले कीवर्ड मागच्या दाराने पुन्हा सैल होऊ शकतात. हीच समस्या दर दोन-तीन आठवड्यांनी परत येत असेल तर ‘चेंज हिस्टरी’ उघडा. कोणता बदल कुणी केला आणि कोणता आपोआप झाला, ते तारखेसकट तिथे असतं. एआय मॅक्स चालू असेल तर तेही चाचणीपुरतं बंद ठेवा. ते कीवर्डच्या पलीकडचे शोध घेतं आणि तुम्ही दिलेल्या पानाऐवजी साइटवरच्या दुसऱ्या पानावर माणूस नेऊ शकतं.

बजेट दुपारीच का संपतं?

‘दिवसाचं बजेट’ ही रोजची मर्यादा नाही, सरासरी आहे. एखाद्या दिवशी गूगल त्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं. महिन्याची एकूण आकारणी मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपलीकडे जात नाही. महिनाभर चालणाऱ्या कॅम्पेनमध्ये हे भरून निघतं. पाच दिवसांच्या चाचणीत निघत नाही, म्हणून छोट्या चाचणीसाठी रोजचा आकडा मुद्दाम निम्मा धरावा.

रोजच्या बजेटमध्ये किमान १० क्लिक बसले पाहिजेत, हा व्यवहारातला अंदाज. बजेट सरासरी क्लिकच्या किमतीच्या तिप्पटच असेल तर तीन क्लिकनंतर दिवस संपला, आणि तीन क्लिकवरून काहीही कळत नाही. अशा वेळी बजेट वाढवणं जमत नसेल तर कीवर्ड कमी करा, भाग कमी करा किंवा फोन उचलायला माणूस असतो तेवढ्याच वेळेत जाहिरात दाखवा.

बोलीची पद्धत कोणती असावी? खात्यात अजून कन्व्हर्जनची नोंदच नसेल तर ‘मॅक्सिमाईझ कन्व्हर्जन्स’ला शिकायला काही नसतं आणि एकेका क्लिकची किंमत अवाच्या सवा जाऊ शकते. सुरुवात मॅन्युअल सीपीसीने, म्हणजे प्रति क्लिक बोली स्वतः ठरवून, करावी, किंवा ‘मॅक्सिमाईझ क्लिक्स’ घेऊन त्यात कमाल बोलीची मर्यादा टाकून. ही मर्यादा भरायची राहून जाते आणि बजेट सकाळीच संपतं.

बोली वाढवूनही जाहिरात वर येत नसेल तर त्यामागे जुनं कारण आहे. २००० साली अ‍ॅडवर्ड्स या नावाने ही सेवा सुरू झाली तेव्हा जाहिरात किती वेळा दिसली त्यावर आकार असे. २००२ मध्ये क्लिकवर आकार घेणं सुरू झालं तेव्हापासून क्रम ठरवताना बोलीबरोबर जाहिरातीवर क्लिक होण्याचं प्रमाणही धरलं जातं. आज कीवर्डच्या ओळीत क्वालिटी स्कोअर १ ते १० असा दिसतो आणि त्याचे तीन भाग वेगळे बघता येतात: अपेक्षित क्लिकचं प्रमाण, जाहिरातीचा शोधाशी संबंध, पानाचा अनुभव. बेरजेपेक्षा हे तीन भाग बघा. ज्याच्यासमोर ‘बिलो अ‍ॅव्हरेज’ आहे तिथेच काम करायचं आहे.

पान

जाहिरातीत जे वचन दिलं ते पानाच्या पहिल्या पडद्यावर, न सरकवता, त्याच शब्दांत दिसलं पाहिजे. ‘१४ दिवस वापरून पाहा’ असं जाहिरातीत आणि पान मुखपृष्ठाचं, जिथे कंपनीची ओळख आहे, तर माणूस परत जातो. होमपेज हे जाहिरातीचं पान नव्हे. प्रत्येक अ‍ॅड ग्रुपला (एका विषयाच्या कीवर्ड आणि जाहिरातींच्या गटाला) त्याच विषयाचं पान द्या. फॉर्ममध्ये चौकशीला लागेल तेवढंच विचारा: नाव, संपर्क, गरज. वेगासाठी पेजस्पीड इनसाइट्समध्ये मोबाइलचा एलसीपी (पहिल्या पडद्यावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत आहे का ते तपासा. जाहिरातीच्या पानावर तो जास्त असण्याचं कारण बहुधा वरचं अवजड चित्र किंवा फिरती पट्टी असतं.

जाहिरातीचा मजकूरही नको त्या माणसाला थांबवू शकतो. रिस्पॉन्सिव्ह सर्च अ‍ॅडमध्ये ३० अक्षरांची १५ पर्यंत शीर्षकं आणि ९० अक्षरांची ४ पर्यंत वर्णनं देता येतात. त्यात सुरुवातीची किंमत किंवा ‘फक्त व्यवसायांसाठी’ असं स्पष्ट लिहिलं की क्लिक कमी होतात आणि ते कमी व्हायलाच हवेत. हे शीर्षक दुसऱ्या स्थानावर पिन (पक्कं) करा, म्हणजे ते कधी दिसतं आणि कधी नाही असं होणार नाही.

प्रतिस्पर्धी मुद्दाम क्लिक करत असेल का?

हा संशय सगळ्यांना पहिल्यांदा येतो. तपासणीत तो शेवटी घ्यावा. ‘इनव्हॅलिड क्लिक्स’चा कॉलम जोडून पाहा. त्यातले क्लिक आपोआप गाळले जातात आणि त्यांचे पैसे लागत नाहीत. सर्व्हरच्या लॉगमध्ये एकाच आयपी पत्त्यावरून वारंवार क्लिक दिसत असतील तर तो पत्ता कॅम्पेनमधून वगळता येतो, एका कॅम्पेनला ५०० पर्यंत. स्वतःची जाहिरात दिसते का हे मात्र सतत शोधून पाहू नका. क्लिक न होणारी दर्शनं वाढून स्वतःचंच नुकसान होतं. त्यासाठी ‘अ‍ॅड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस’ हे साधन खात्यातच आहे.

किती क्लिकनंतर निकाल लावायचा?

समजा पान चांगलं आहे आणि १०० योग्य माणसांतले २ चौकशी करतात. तरी पहिल्या ५० क्लिकमध्ये एकही चौकशी न येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. १०० क्लिकमध्ये ती १३ टक्के आणि १५० मध्ये जवळपास ५ टक्के होते. म्हणून ४० क्लिकवर ‘ही जाहिरात चालत नाही’ म्हणणं घाईचं. शोधशब्द स्वच्छ झाल्यानंतरचे १५० क्लिक कोरडे गेले, तर मात्र पान किंवा देऊ केलेली गोष्ट बदलायला हवी, हे जवळपास नक्की. चाचणीचं एकूण बजेटही यावरूनच काढा: सरासरी क्लिकची किंमत गुणिले १५०. त्या काळात एका वेळी एकच बदल करा आणि तारीख लिहून ठेवा. एकाच दिवशी कीवर्ड, बोली आणि पान बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

नवीन खात्याला मिळणारं प्रमोशनल क्रेडिट हिशेबात धरताना त्याच्या अटी वाचा. ठरावीक मुदतीत आधी स्वतःचे पैसे खर्च करावे लागतात आणि क्रेडिट त्यानंतर जमा होतं, अशी अट नेहमीची आहे. क्रेडिट संपलं म्हणून जाहिरात थांबत नाही, पुढचे क्लिक सरळ कार्डावर पडतात. म्हणून चाचणीची शेवटची तारीख कॅम्पेनच्या ‘एंड डेट’मध्ये सुरुवातीलाच भरून ठेवा. स्वयंचलित भरणा असेल तर थांबवल्यानंतरही तोवर झालेल्या क्लिकचं एक शेवटचं बिल येतं. ते चुकीचं नसतं. ‘बिलिंग’मधल्या व्यवहारांच्या यादीशी तारखा जुळवून घ्या.